येणे बाकी

आमच्या घरात हिशेब ठेवणारी माणसं दोन. एक मी. मी बँकेत कारकून आहे आणि गेली बावीस वर्षं लोकांचं येणं-देणं सांभाळून त्याबद्दल पगार घेतो. दुसरे आमचे वडील. ते रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि गेली चाळीसएक वर्षं स्वतःचं येणं सांभाळून त्याबद्दल मनस्ताप घेतात.

बाबांचं येणं म्हणजे उसनी दिलेली पुस्तकं. त्यांची एक लांबट वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. तिच्यात पाच रकाने: पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि शेरा. चौथा रकाना बराचसा कोरा आहे. पाचवा मात्र भरगच्च. 'आठवण केली', 'पुन्हा आठवण केली', 'पाहतो म्हणाले', 'आपण दिलेच नव्हते म्हणतात', 'बदली होऊन नागपूर', आणि एके ठिकाणी 'वारले. मुलाला विचारणे बरे दिसत नाही.' सगळ्यात जुनी नोंद १९८३ सालची. एकूण येणे बाकी, ६१ पुस्तकं.

बँकेत तीन महिने हप्ता आला नाही की ते कर्ज बुडिताच्या वाटेला लागलं असं धरतात. बाबांना मी हे एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या बँकेत माणुसकी नाही. त्र्याऐंशी सालचा माणूस अजून 'देत नाही' म्हणालेला नाही."

ही वही इतकी वर्षं आमच्या घरात थट्टेचा विषय होती. ती अडचणीचा विषय झाली पुनर्विकासामुळे. आम्ही मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात राहतो. मुलुंडमध्ये सध्या जिकडेतिकडे इमारती पाडायला काढल्यात. ज्या इमारतीभोवती पत्रे लागलेले नाहीत, तिथली माणसं जरा मान खाली घालूनच चालतात. आमच्याही सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली, सह्या झाल्या, पेढे झाले. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि मग तेराव्या मजल्यावर परत यायचं असं ठरलं. भाड्याचं घर पाहून आल्यावर हिने सामानाची यादी करायला घेतली. यादीत ७४० पुस्तकं निघाली. येणे बाकी वेगळी.

"अहो, तिथे एक तर ही पुस्तकं राहतील, नाहीतर आपण," ही म्हणाली. बाबा शेजारच्या खोलीत होते. त्यांनी खाकरून आपलं मत पुस्तकांच्या बाजूने नोंदवलं.

मी गुपचूप रद्दीवाल्याकडे नुसता भाव विचारायला गेलो. वर्तमानपत्राला किलोमागे सोळा रुपये आणि पुस्तकांना दहा.

"पुस्तकांना कमी का रे?"

"साहेब, पुस्तकाच्या कागदाची पुडी नीट होत नाही."

साहित्याचं इतकं रोखठोक मूल्यमापन मी अजून कुठल्याही समीक्षकाकडून ऐकलेलं नाही. ही बातमी घरी माझ्याआधी पोचली आणि बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग कुणीतरी डोंबिवलीचा रस्ता दाखवला. तिथल्या पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकं आदान-प्रदान करण्याचे मोठमोठे सोहळे भरवले आहेत. आपली जुनी पुस्तकं न्यायची आणि त्या बदल्यात तिथली निवडून आणायची. मी चाळीस पुस्तकं दोन पिशव्यांत भरून, बाबांना बरोबर घेऊन स्लो लोकलने गेलो. संध्याकाळी आम्ही दोन पिशव्यांत चाळीस पुस्तकं घेऊन परत आलो. हिने दार उघडलं, पिशव्यांकडे पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा आत गेली. आदान-प्रदान या शब्दात दोन क्रिया आहेत, हे कॉमर्सच्या पदवीधराला कळायला हवं होतं.

तेव्हा मला पाटी सुचली. पाटी म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. दिसायला पहिलीतल्या दगडी पाटीसारखं, वजन पाव शेरही नाही आणि पोटात हजारो पुस्तकं. अमेरिकेत २००७ साली किंडल नावाची पाटी पहिल्यांदा विकायला आली तेव्हा सगळा साठा साडेपाच तासांत संपला होता. आपल्याकडे ती २०१२ साली आली आणि तिच्यावर रीतसर मराठी पुस्तकं मिळायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. म्हणजे मराठी वाचक या रांगेत नऊ वर्षं उभा होता. पण रांगेत शांतपणे उभं राहणारा माणूस मला बँकेत बसून बसून फार आवडायला लागलाय.

खरं म्हणजे मीही कागदाच्याच पक्षाचा. माझी शाखा फोर्टात. नोकरीला लागल्यापासून जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवून मी स्ट्रँड बुक स्टॉलमध्ये जाऊन उभा राहत असे. टी. एन. शानभागांनी १९४८ साली स्ट्रँड सिनेमाच्या आवारात एका छोट्याशा स्टॉलपासून सुरू केलेलं हे दुकान. पुस्तकं विकता विकता माणूस पद्मश्री होऊ शकतो हे त्यांनी २००३ साली दाखवलं. २०१८ च्या फेब्रुवारीत ते दुकान बंद झालं. शेवटच्या दिवसांत तिथे हळहळणाऱ्यांची गर्दी उसळली होती. मीही हळहळायला गेलो. हळहळता हळहळता लक्षात आलं, की त्याआधीच्या अख्ख्या वर्षात मी इथे एकही पुस्तक विकत घेतलेलं नाही. पुस्तक इथे पाहायचं, इथेच चाळायचं आणि रात्री मोबाइलवर दोन पैसे स्वस्त कुठे मिळतं ते शोधून घरपोच मागवायचं, असा माझा क्रम होता. ज्यांनी ज्यांनी मिळून ते दुकान बंद केलं, त्यांच्या यादीत माझीही एक सही होती. ती मी त्या गर्दीत कुणाला दाखवली नाही.

असो. पाटी घ्यायच्या आधी मी करांचा अभ्यास केला. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. ई-पुस्तकाला २०१७ साली अठरा टक्के लागला. जुलै २०१८ मध्ये, त्याच पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तर, तो पाच टक्क्यांवर आला. सारांश असा, की ज्याला वाळवी लागते त्याला कर लागत नाही आणि ज्याला कर लागतो त्याला वाळवी लागत नाही. हा सिद्धान्त मी बाबांना ऐकवला आणि पाटी त्यांच्या हातात ठेवली.

"बाबा, आता ही सातशे चाळीस इथे मावतील."

बाबांनी पाटी उलटून मागची बाजू पाहिली. "यातलं पुस्तक विकत घेतलं की ते आपलं?"

"आपलंच की."

"म्हणजे मी ते कुणाला वाचायला देऊ शकतो?"

बँकेत मी लोकांना बारा पानी अर्जावर न वाचता सह्या करायला लावतो. त्या दिवशी आयुष्यात प्रथमच कशाच्या तरी अटी स्वतः वाचल्या. त्यावरून कळलं ते असं: पैसे भरून आपल्याला मिळते ती वाचायची परवानगी. पुस्तक उसनं देता येत नाही, विकता येत नाही, मरताना मुलाच्या नावे करता येत नाही. दिवसभर मी दुसऱ्यांची नॉमिनेशनं भरून घेतो, आणि इथे नॉमिनी हा रकानाच नाही!

बोलण्याच्या ओघात मी आणखी एक चूक केली. २००९ सालची हकिगत बाबांना सांगितली. त्या वर्षी, विकणाऱ्याकडे हक्क नाहीत असं आढळल्यावर, अमेरिकेत लोकांनी विकत घेतलेल्या किंडलवरच्या दोन कादंबऱ्या ॲमेझॉनने परस्पर दुरून पुसून टाकल्या होत्या. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. त्यातली एक कादंबरी म्हणजे ऑर्वेलची '१९८४', ज्यात सरकारच नकोसे कागद नाहीसे करत असतं.

बाबांनी पाटी माझ्या हातात परत दिली. "नेलेलं पुस्तक परत न करणारे मी एकसष्ट पाहिले. विकलेलं पुस्तक रात्री येऊन परत नेणारा हा पहिलाच."

अशा रीतीने पाटी माझ्याकडे राहिली. मी ती रोज लोकलमध्ये नेऊ लागलो. ठाण्याहून भरून आलेल्या फास्ट गाडीत, दुसऱ्याच्या बगलेत नाक आणि तिसऱ्याच्या पायावर पाय अशा अवस्थेतही एका हाताने वाचता येतं, हा तिचा मोठा गुण. पण वाचण्यापेक्षा विकत घेणं सोपं होतं. आज एकोणपन्नास रुपये, उद्या नव्याण्णव, परवा सवलत. वर्षभरात माझ्या पाटीत १४३ पुस्तकं झाली. वाचून झाली तीन. त्यातलं एक, कमी पुस्तकं घेऊन सुखाने कसं जगावं यावर होतं.

हिचं वाचन माझ्यापेक्षा जोरात होतं, पण कानाने. स्टोरीटेल नावाची स्वीडनची कंपनी २०१७ साली भारतात आली ती मराठी बोलतच आली, आणि तेव्हापासून आमच्याकडे पोळ्या आणि कादंबऱ्या एकाच वेळी होतात. एखाद्या प्रकरणात खून असला तर पोळी करपते. "हे काही वाचन नव्हे," असं मी एकदा म्हणून पाहिलं. "तुमच्या आजीने 'हरिविजय' कधी डोळ्यांनी वाचला होता का?" हिने विचारलं. आजीला अक्षरओळख नव्हती, आणि 'हरिविजया'तल्या ओव्या तिच्या ओठांवर असत. मी विषय बदलला.

शेवटी पुस्तकांसाठी शेवटचा उपाय म्हणून मी वाचनालयवाल्या काकांकडे गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं फिरतं वाचनालय आहे. फिरतं म्हणायचं, पण ते १९८७ पासून जागचं हललेलं नाही. मी तिथला दुसरीतल्या वयापासूनचा वर्गणीदार. ठेव वीस रुपये, महिन्याला पाच. पुस्तकाला खाकी कव्हर, पाठीवर आकडा, आत तारखांच्या शिक्क्यांची रांग आणि पंधरा दिवसांवर गेलं की दिवसाला दहा पैसे दंड. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांना कल्पना नसेल की पुढे मुलुंडमध्ये एका दिवाळी अंकाच्या नंबरावरून दोन शेजारणी संक्रांतीपर्यंत अबोला धरतील.

आता दुकानाचा पुढचा अर्धा भाग झेरॉक्स, लॅमिनेशन आणि कुरिअरचा आहे. पुढच्या भागाने मागच्याला पोसायचं, अशी व्यवस्था. १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. काकांचं खाजगी, त्यामुळे दमडी नाही. "ड च्या पुढचा वर्ग आपला. ढ," असं ते स्वतःच सांगतात. पण काका ढ नाहीत. नव्या पुस्तकांची यादी ते व्हॉट्सॲपवर टाकतात, लोक घरबसल्या नंबर लावतात आणि काका संध्याकाळी स्कूटरवरून पुस्तकं पोचवतात. "फिरतं वाचनालय म्हणजे काय, ते मला सत्तरीत कळलं," काका म्हणाले.

मी विषयाला हात घातला. "काका, सातशे चाळीस पुस्तकं देतो. फुकट."

"फुकट? मग नकोत." काकांनी हातातलं आधार कार्ड झेरॉक्सच्या काचेवर ठेवलं. "फुकटाने आधीच जीव नकोसा केलाय. रोज कोणी ना कोणी माझ्या मोबाइलवर धाडतो, 'एकशे आठ मराठी पुस्तकं, पीडीएफ, मोफत'. लेखक बुडतो तो बुडतोच, पण घेणारा तरी वाचतो का? तुझ्या त्या पाटीत किती आहेत?"

"एकशे त्रेचाळीस."

"वाचलीस किती?"

मी झेरॉक्सच्या हिरव्या उजेडाकडे पाहत आकडा सांगितला.

"परत करायची नाहीत ना, म्हणून. पंधराव्या दिवशी मी दारात उभा राहिलो असतो, तर तीस वाचली असतीस." मग त्यांनी कार्ड गिऱ्हाइकाला दिलं, ते गेल्यावर जरा आवाज खाली आणला. "तुझ्या बाबांचं काय चाललंय रे?"

"का? ठीक आहेत."

"गेले चार महिने एकच पुस्तक नेतायत. पंधरा दिवस झाले की वेळेवर येतात, परत करतात, पुन्हा शिक्का मारून घेतात आणि तेच नेतात. आठ वेळा झालं. मला वाटलं, आवडलं असेल. परवा विचारलं, शेवट कसा वाटला? म्हणाले, अजून यायचाय." काका थोडा वेळ थांबले. "मी आपला शिक्का मारतो. बोललो नाही काही."

मी घरी आलो तेव्हा सात वाजून गेले होते. बाबा नेहमीप्रमाणे खिडकीतल्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसले होते. खोलीतला दिवा लावायचा राहिला होता आणि बाहेर चांगलाच अंधार पडला होता. मी दारात उभा राहिलो. बाबांनी बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. थोड्या वेळाने आणखी एक उलटलं.

मी दिवा लावला. बाबांनी वर पाहिलं, मग पुस्तकाकडे पाहिलं, मग ते मिटलं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दोनेक वर्षं झाली. मोतीबिंदू काढला तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, मागच्या पडद्याचं दुखणं वेगळं आहे. मोठी अक्षरं दिसतात. पाट्या वाचतो मी दुकानांच्या."

"सांगायचं नाही का?"

"घरात सातशे पुस्तकं, त्यावरून रोज वाद. आणि मलाच वाचता येत नाही हे सांगायला बरं दिसत नाही."

ही पोळपाट टाकून बाहेर आली होती. तिने आपले कान, म्हणजे कानात घालायची ती बोंडं, बाबांपुढे धरली. बाबा मानेनेच नको म्हणाले. "कोणी वाचून दाखवायला लागलं की मला आजारी असल्यासारखं वाटतं." मग मी पाटी आणली. अक्षरं मोठी केली. आणखी मोठी केली. शेवटी पानावर जेमतेम अकरा शब्द उरले, दुकानाच्या पाटीएवढे. बाबांनी पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली आणि अकरा शब्द वाचले. मोठ्याने. मग सवयीने बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. उलटलं!

त्या रात्री एक वाजता मी पाणी प्यायला उठलो तेव्हा त्यांच्या खोलीत उजेड होता. दोन वर्षांची थकबाकी होती, ती एका रात्रीत थोडीच फिटणार? अकरा-अकरा शब्दांनी एक साधी कादंबरी त्यांच्याकडे चार-पाच हजार पानांची होते. अडीच महिन्यांत त्यांनी माझ्या १४३ पैकी सात संपवली. पाटी ओली होते म्हणून मी तिच्याशेजारी एक फडकं ठेवलंय. अटी अजूनही त्यांना मान्य नाहीत. पण अक्षर दिसतंय तोवर भांडण पुढे ढकलायला ते तयार आहेत.

मधल्या काळात घर रिकामं करायची तारीख आली. पुस्तकांचा प्रश्न बाबांनीच सोडवला. "ठेवायला जागा नाही म्हणता? एकसष्ट पुस्तकं मी चाळीस वर्षं लोकांच्या घरी ठेवलीयत. एक पैसा भाडं दिलेलं नाही." आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं. कोणी भांडुपला चाललेलं, कोणी ऐरोलीला, कोणी ठाण्याला. बाबांनी प्रत्येकाला बोलावून पंधरा-वीस पुस्तकं दिली. सगळी मिळून ४१०. वहीतल्या नोंदी मी केल्या, सांगणारे ते. शेरा एकच: 'नवीन इमारत होईपर्यंत.' उरलेली खोक्यांतून दिवाणाखाली गेली, आणि हिने त्याला हरकत घेतली नाही.

"परत येतील का हो ती?" हिने मला हळूच विचारलं. तेराव्या मजल्याचा भरवसा मला अजून वाटत नाही. पुस्तकांचा बाबांना आहे.

भाड्याच्या घराजवळ एक बाग आहे. तिथल्या बाकावरचे एक गृहस्थ, डोळ्यांचं दुखणं तेच. बाबांनी त्यांना एका कादंबरीची गोष्ट अर्धी सांगितली आणि घरी येऊन मला म्हणाले, "त्यांना ते पुस्तक दे."

"बाबा, देता येत नाही. अट आहे."

"पुस्तक देता येत नाही. पाटी देता येते की नाही?"

यावर अटींत काही नव्हतं. बाबांनी पाटीला खाकी कागदाचं कव्हर घालून घेतलं, पुढे खिडकी कापून. पाठीवर आकडा टाकला, ७४१. वहीत नोंद झाली आणि पाटी गेली. मला वाटलं, येणे बाकी ४७२.

तेराव्या दिवशी गृहस्थ पाटी घेऊन दारात हजर. बाबांच्या चाळीस वर्षांच्या वहीत मुदतीच्या आत आलेली ही पहिली परतफेड.

"इतक्या लवकर वाचून झालं?" मी विचारलं.

"कुठलं हो, शेवटची दोन प्रकरणं राहिलीत. पण ही बंद पडली."

बाबांनी टेबलाचा खण उघडून चार्जर काढला. तो त्यांनी दिलाच नव्हता. बँकेत याला तारण म्हणतात, आणि ते मी बावीस वर्षांत त्यांना कधी शिकवलेलं नाही.

आता बागेतल्या आणखी दोघांनी नंबर लावलेत, आणि त्या गृहस्थांची दोन प्रकरणं व्हायची आहेत. काल लोकलमध्ये वाचायला म्हणून मी पाटी मागितली, तर बाबांनी वही पुढे ओढली आणि माझं नाव चौथ्या क्रमांकावर लिहायला सांगितलं. पाटी माझी, तिच्यातली १४३ पुस्तकं माझ्या पैशांची. पण वहीत तशी नोंद नाही.